इंडिगो मरीना, 2006 : जुन्या स्टेशन वॅगनच्या दुरुस्तीच्या नोंदी

4 ऑक्टोबर 2025, शनिवार

परवा दसऱ्याला झेंडूची माळ घातली, आज कामाची यादी केली. गाडी टाटा इंडिगो मरीना, टर्बो डिझेल, जुलै 2006 ची, बडोद्याचीच नोंदणी. मीटरवर 1,68,000 किलोमीटर. पंधरा वर्षं झाल्यावर 2021 मध्ये नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती, म्हणजे पुढच्या जुलैपर्यंत कागद साफ आहेत.

गाडी काढून टाका असं घरात आणि सोसायटीत बरेच जण सांगतात. बाजारात हिला साठ-सत्तर हजारांच्या वर कोणी देणार नाही. पण आत्याची चाकांची खुर्ची न दुमडता मागे जाते, भजनी मंडळाची पेटी आणि तबले खुर्चीच्या बाजूला बसतात, आणि एवढं भरूनही चार माणसं आरामात बसतात. आज तेवढ्या किमतीत असं काही मिळत नाही. आपल्याकडे स्टेशन वॅगन, म्हणजे छत थेट मागच्या दारापर्यंत गेलेल्या लांब मोटारी, फारशा चालल्याच नाहीत. टाटांचीच इस्टेट 1992 ची, मारुतीची बलेनो अल्टुरा, ऑक्टाव्हिया कॉम्बी, आणि 2004 मध्ये आलेली ही मरीना. एकेक करून सगळ्या बंद झाल्या.

खर्चाची मर्यादा पन्नास ते साठ हजार. क्रम असा ठरवला: आधी जिवाशी संबंध असलेलं, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, टायर. मग गाडी रस्त्यात उभी करू शकेल ते. मग पाणी आणि गंज. एसी आणि शोभेची कामं सगळ्यात शेवटी.

7 ऑक्टोबर

मकरपुऱ्याच्या बाजूला मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर चढवली. मिस्त्री मूळचे धुळ्याचे, इंडिका टॅक्सीच्या जमान्यापासून याच इंजिनावर हात बसलेला. खालून टॉर्च मारत त्यांनी अर्ध्या तासात सगळं सांगून टाकलं:

मागचे दोन्ही टायर आतल्या कडेने गुळगुळीत, बाहेरून नक्षी शाबूत. पुढच्या लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) फाटलेले. अल्टरनेटरवर मागून तेल उतरलेलं. रेडिएटरचा खालचा होज फुगलेला. टायमिंग बेल्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या पट्ट्याच्या, कव्हरवर जुन्या गॅरेजचं स्टिकर, त्यावर 2017 साल.

"दादा, सगळ्यात आधी हा पट्टा. बाकीचं सावकाश करू."

आठ वर्षांत गाडी फार चालली नाही हे खरं, पण पट्टा रबराचा. उभ्या गाडीतही तो उष्णता आणि तेलाची वाफ खातच असतो. या इंजिनात तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, उघडावं लागतं. ते काम वीस हजारांच्या खाली होत नाही, आणि गाडी कुठे बंद पडेल हे आपल्या हातात राहत नाही.

11 ऑक्टोबर

पट्ट्याचं सामान येईपर्यंत सकाळच्या स्टार्टिंगचा माग काढला. तक्रार जुनी: रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ लांबवर मारावा लागतो, मग पांढरा धूर आणि अर्धा मिनिट थरथर. दुपारी मात्र पहिल्या सेल्फला सुरू.

अशा लक्षणाला दोन कारणं असतात आणि बरेचदा दोन्ही एकत्र असतात. एक म्हणजे हीटर प्लग. या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये जात नाही, आधी छोट्या कोठडीत पेटतं. थंड कोठडीच्या भिंती उष्णता ओढून घेतात, त्यामुळे बडोद्याच्या ऑक्टोबरातही प्लग लागतातच. चारही प्लगना जोडणारी पट्टी काढून मल्टिमीटर लावला: दोन प्लग एक ओहमच्या आसपास, दोन पूर्ण उघडे, म्हणजे जळलेले. चारही बदलले. दोनच बदलले असते तर उरलेल्या दोघांसाठी हेच काम पुन्हा करावं लागलं असतं. 320 रुपयांचा एक.

दुसरं कारण हवा. डिझेल फिल्टर आणि पंप यांच्यामधली काळी नळी काढून तिथे पारदर्शक नळी बसवली आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी टॉर्च मारला तर नळीत बोटभर लांबीची पोकळी, दोन्ही बाजूंना डिझेल. सेल्फ मारल्यावर ती पोकळी पंपाकडे सरकताना स्पष्ट दिसली आणि तिच्यामागून बारीक बुडबुड्यांची रांग. हवा कुठून येते ते शोधायला जोड एकेक करून कोरडे पुसले. फिल्टरवरच्या हातपंपाच्या मुळाशी ओल होती, तिथली रबरी रिंग कडक झाली होती. डिझेल फवारणाऱ्या नोझलवरच्या ओव्हरफ्लोच्या (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) नळ्याही इतक्या वाळल्या होत्या की वाकवल्यावर चिरा पडल्या. रिंग, नळ्या, तांब्याचे वॉशर आणि नवीन फिल्टर मिळून 620.

ज्यांची जुनी डिझेल गाडी सकाळी त्रास देते त्यांनी बॅटरी किंवा सेल्फ बदलण्याआधी ही पारदर्शक नळी जरूर लावून पाहावी. पन्नास रुपयांच्या आत काम होतं आणि डोळ्यांना दिसतं.

12 ऑक्टोबर

फरक पडला, पण पंपाच्या अंगावरही डिझेल पाझरतंय. मिस्त्रींचं म्हणणं की जुन्या पंपांमध्ये हे हल्ली फार दिसतं. एप्रिल 2020 पासून मिळणाऱ्या बीएस-6 डिझेलमध्ये गंधक दहा लाखाला दहा भाग इतकंच. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले जुन्या रबराला फुगवून ठेवणारे घटकही कमी होतात, आणि वर्षानुवर्षं आधीच्या डिझेलमध्ये मुरलेले सील आकसतात. नव्या सीलचं रबर वेगळं असतं, त्यांना हा त्रास नाही. पट्टा उघडला की पंप निघतोच, म्हणून दोन्ही कामं एकत्र करायची.

16 ऑक्टोबर

मोठं काम. पट्टा, टेन्शनर, आयडलर हा संच 2,650. कॅम आणि क्रँकचे ऑइल सील 420. मजुरी 1,800. पंप डिझेल लॅबला गेला: सील आणि कॅलिब्रेशन 4,800. चार नोझल नवीन आणि त्यांचा दाब लावून घेणं 3,600.

नोझल काढलेले असल्यामुळे लॅबमध्ये जुन्यांचा फवारा पाहता आला. तीन बरे होते. चौथ्याचा फवारा होतच नव्हता, सरळ धार. थरथरीचा एक भाग तिथे होता.

जुना पट्टा हातात घेऊन उलटा वाकवला. दातांच्या मुळाशी केसासारख्या भेगा, एका कडेला तेल लागून मऊ पडलेला. क्रँकचा सील गळत होता म्हणून ते तेल. नुसता पट्टा बदलून सील तसाच ठेवला असता तर नवीन पट्टाही त्याच तेलात गेला असता. मजुरी एकदाच द्यायची असेल तर त्या झाकणामागचं सगळं रबर एकदाच बदलावं, मग सील दिसायला चांगला असो वा नसो.

रेडिएटर आतून बरा निघाला. वॉटर पंप, थर्मोस्टॅट, दोन होज आणि कूलंट यांचे मजुरीसकट 3,400.

20 ऑक्टोबर

दिवाळी. बाजार आता लाभपंचमीपर्यंत, 26 तारखेपर्यंत बंद. गाडी धुतली, ताडपत्री घातली.

27 ऑक्टोबर

स्पेअरची खरी शोधाशोध आज सुरू झाली. प्रतापनगर रोडवर इंडिकाचं काहीही मागा, गल्ल्यावरचा मुलगा न बघता फळीवरून काढून देतो. मरीनाचं नाव काढलं की थांबतो. "मरीनानुं नहीं मळे काका, इंडिकानुं जोइए तो बोलो."

मरीना ठेवणाऱ्याने हे पक्कं समजून घ्यावं. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, अल्टरनेटर, पुढचे ब्रेक ही सगळी इंडिका आणि इंडिगोची मंडळी. इंडिका 1998 च्या शेवटी आली आणि नंतर वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणून देशभर धावली, त्यामुळे हे सामान तालुक्याच्या गावीही मिळतं आणि स्वस्त मिळतं. मागच्या सीटच्या दारांच्या मागे जे सुरू होतं ते मात्र फक्त मरीनाचं: बाजूची लांब काच, मागचे उभे दिवे, डिकीचं दार, त्याची काच, त्याचं बीडिंग रबर, त्याला उचलून धरणारे गॅसचे दांडे. पैशाने हे फार महाग नाही, मिळतच नाही ही अडचण. म्हणून गाडी विकत घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात तेव्हा मी सांगतो, मागे जा आणि काच, दिवे, दार तपासा. इंजिन केव्हाही होईल.

डावा मागचा दिवा फुटका आहे. भंगारात एक पांढरी मरीना सापडली. ऑगस्ट 2024 च्या पुरात बुडालेली. विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 25 ची, आणि नदीकाठच्या सोसायट्यांमध्ये गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. त्यातल्या कितीतरी अजून अशा यार्डांत पडून आहेत. दिव्याची काच आणि डिकीचं बीडिंग तिच्यातून घेतलं, 2,050 ला. तिची डिकीची वायरिंग फुकट देत होते, ती घेतली नाही. कनेक्टर उघडून पाहिला, आत हिरवी पूड. पुराच्या गाडीतून काच, पत्रा, प्लास्टिक घ्यायला हरकत नाही. वायर, मोटर, स्विच, बेअरिंग कधीही घेऊ नये. चिखलाचं पाणी तांब्याच्या तारेत आवरणाच्या आतून वर चढतं आणि वर्षभराने दगा देतं.

एक बरं झालं: 22 सप्टेंबरपासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट 18 टक्के झालाय. ज्या भागांवर 28 होता ते बिलात स्वस्त दिसतात. जुना माल जुन्या छापील किमतीला लावणारे दुकानदारही आहेत, म्हणून बिल मागून घ्यावं.

2 नोव्हेंबर

रविवार, स्वतःच्या हाताने. नंबरप्लेटचा दिवा कधी लागतो कधी नाही, मागचा वायपर मेलेला, डिफॉगर (मागच्या काचेवरची वाफ घालवणाऱ्या तारा) बंद, आणि सेंट्रल लॉक डिकीला सोडून बाकी सगळीकडे चालतं. चार बिघाड, पण चौघांच्या वायरी एकाच वाटेने जातात: छताच्या कडेवरून एका रबरी नळीतून डिकीच्या दारात. वर उघडणारं दार असलेल्या कुठल्याही जुन्या गाडीत हा पहिला संशयित.

छताच्या मागच्या कडेचं अस्तर हळूच खाली ओढलं, रबरी नळी दोन्ही टोकांनी सोडवली आणि मागे सरकवली. आत काळ्या, तांबड्या, पिवळ्या वायरींचा जुडगा. दार उघडताना जिथे वाकतो नेमक्या त्याच दोन बोटांच्या पट्ट्यात पाच वायरींचं आवरण फुटलेलं. दोन तर पूर्ण तुटलेल्या, दार बंद असताना टोकं एकमेकांना टेकायची आणि उघडलं की सुटायची. म्हणूनच नंबरप्लेटचा दिवा मनाला येईल तसा लागत होता. काळ्या वायरीचं तांबं उघडं पडून पत्र्याला घासत होतं. ती अर्थची होती म्हणून फ्यूज उडाला नाही.

दुरुस्ती करताना काही गोष्टी मुद्दाम पाळल्या. तुटलेल्या जागीच सोल्डरचा टाका मारून टेप गुंडाळली की ती वायर तिथेच पुन्हा तुटते, कारण टाक्याची जागा कडक होते. म्हणून वाकणारा सगळा तुकडा कापून काढला आणि बारीक तारांची, मऊ आवरणाची नवी वायर घातली. एक टाका छताच्या आत, दुसरा दाराच्या आत, वाकणाऱ्या भागात एकही नाही. सगळे टाके एकाच रेषेत न ठेवता पुढेमागे ठेवले, नाहीतर जुडगा तिथे जाड होतो आणि नळीत सरकत नाही. डिफॉगरची वायर बाकीच्यांपेक्षा जाड घेतली, तिच्यातून करंट जास्त जातो. प्रत्येक टाक्यावर उष्णतेने आवळणारी नळी. रबरी नळीला आतून थोडी टाल्कम पावडर.

संध्याकाळी डिफॉगर लावला आणि काचेवर फुंकर मारली. तारांच्या रेषांपाशी वाफ आधी विरली, मग मधली. किती वर्षांनी. सामान सगळं मिळून 350. इलेक्ट्रिशियनने याच कामाचे मोटर आणि स्विच धरून साडेचार हजार सांगितले होते.

8 नोव्हेंबर

डिकीचे गॅस दांडे. दार आपोआप खाली येतं, आत्याची खुर्ची काढताना कोणीतरी डोक्याने तोलून धरतं. हे जिवाशी संबंधातलंच काम मानलं.

दांडे विकणारे दोनच गोष्टी विचारतात: पूर्ण उघडल्यावर लांबी किती आणि किती न्यूटनचा, म्हणजे जोर किती. लांबी मोजली. न्यूटनचा आकडा दांड्यावर छापलेला असतो, आमचा घासून गेलेला. मग मोजायचं ठरवलं. दांडे काढले, दार आडवं होईपर्यंत उचललं आणि हँडलला स्प्रिंगचा वजनकाटा लावून तोललं: 11 किलो. हँडल बिजागरीपासून जवळपास एक मीटर. म्हणजे पिळाचं बळ सुमारे 108 न्यूटन-मीटर. दांड्याची रेषा बिजागरीपासून काटकोनात 16 सेंटिमीटरवरून जाते. 108 भागिले 0.16, सुमारे 675 न्यूटन, दोघांत मिळून. एकेकाला 340. दार थंडीत जड वाटतं, दांडे वर्षागणिक कमजोर होतात, म्हणून वर थोडं ठेवून 400 ची जोडी मागवली. 1,700 रुपये.

याहून जास्त जोराचे बसवायचा मोह होतो, दार झटक्यात उघडतं म्हणून. करू नये. दार बंद असताना तो सगळा जोर बिजागरीच्या पत्र्यावर राहतो, आणि या वयात तो पत्राच आधी सुटतो.

15 नोव्हेंबर

खालची कामं. या गाडीचं मागचं सस्पेन्शन इंडिकापेक्षा वेगळं आहे, प्रत्येक चाकाला तीन-तीन लिंक. बसायला छान, सामान भरल्यावर मागून डगमगत नाही, पण प्रत्येक लिंकच्या टोकाला रबरी बुश. बुश सैल झाले की चाक वरून आत झुकतं आणि टायर आतून खातं. अशा वेळी नुसते टायर बदलून उपयोग नाही, वर्षभरात नवेही तसेच होतात.

पहार लावून मिस्त्रींनी लिंक हलवून दाखवली, बुशमध्ये उघड खेळ. बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव झालेले. गॅसने तापवले, दोन कापावे लागले. मागच्या लिंक आणि बुश 3,800, दाबून बसवायचे 600, पुढचे लोअर आर्म 3,400, लिंक रॉड 900, मजुरी 2,500, अलाइनमेंट 700. मागचे दोन टायर, 175/65 आर 14, 8,600.

एक गोष्ट मी उभा राहून करून घेतली. लिंकचे बोल्ट चाकं हवेत लोंबत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. गाडी जमिनीवर टेकवून, मागे वजन ठेवून मगच आवळायचे. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत घट्ट होतं आणि रोज उलट्या बाजूला ताणलं जाऊन लवकर फाटतं. सिमेंटची दोन पोती डिकीत टाकली आणि मग पाना लावला. मिस्त्री म्हणाले, "असं कोणी करू देत नाही दादा, वेळ लागतो म्हणून गिऱ्हाईकच ओरडतं."

22 नोव्हेंबर

ब्रेक. पुढचे पॅड 1,100, मागचे लायनर 950, मागचे दोन व्हील सिलिंडर 900 (एक गळत होता), ऑइल 300, मजुरी 1,200. डिझेल इंजिनाला ब्रेकच्या बूस्टरसाठी (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यासाठी) वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो आणि या गाडीत तो अल्टरनेटरच्या पाठीवर बसलेला असतो. तिथून गळणारं तेल अल्टरनेटरमध्ये जातं, म्हणून एकाच सीलच्या दुखण्याने ब्रेक कडक होतो आणि चार्जिंगही जातं. पंप आणि अल्टरनेटर उघडून साफ, सील, कार्बन: 2,200.

बूस्टरची परीक्षा घरी करता येते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होतं. तसंच दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर आणि पंप ठीक. आमचं आधी जागचं हलत नव्हतं, आता उतरतं.

30 नोव्हेंबर

एसी. कूलिंग कॉइल गळतेय, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, नऊ-दहा हजार. थंडी आलीय. मार्चवर ढकललं.

7 डिसेंबर

डिकीच्या दाराचा गंज. नंबरप्लेटच्या वरची प्लास्टिक पट्टी काढली तर मागे कडुनिंबाच्या पानांचा ओला चुरा दाबून भरलेला. दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, ती याच चुऱ्याने बुजलेली. पाणी आत साचून पत्रा आतून बाहेर खात आला होता. डेंटर नुसती पुट्टी भरायला तयार होता. पुट्टी वर्षभर छान दिसते आणि तिच्यामागे गंज चालूच राहतो. तळहाताएवढा पत्रा कापून नवा वेल्ड केला, आतून प्रायमर आणि मेण, मग रंग. भंगारातलं बीडिंग बसवलं. नळीने पाणी मारून आत बसलो, गालिचा कोरडा. 6,500. इंजिन ऑइल आणि फिल्टर 2,400.

20 डिसेंबर

डभोई, तिलकवाडा करत गरुडेश्वर. टेंब्ये स्वामींच्या समाधीचं दर्शन आत्याच्या मनात वर्षभर होतं. चौघं, खुर्ची, पेटी. तापमानाचा काटा निम्म्याच्या खाली स्थिर. लिटरला सतराच्या आसपास. एका आडव्या आलेल्या म्हशीसाठी जोरात ब्रेक मारावा लागला, गाडी सरळ रेषेत थांबली. पायरीपाशी आत्याने स्वतः हँडल दाबलं आणि दार वर गेलं, वरच राहिलं.

4 जानेवारी 2026

हिशोब. इंजिन आणि डिझेलच्या बाजूचे 20,970. खालचं सगळं, म्हणजे सस्पेन्शन, टायर, ब्रेक, 27,150. डिकी, गंज, वायरिंग 10,600. एकूण 58,720. सगळ्यात जास्त पैसा जमिनीजवळच्या भागांत गेला, सगळ्यात जास्त वेळ डिकीच्या मागे. इंजिनाची सगळ्यांना भीती असते, आणि त्याचंच काम सगळ्यात सरळ झालं.

राहिलेलं: एसी मार्चमध्ये. क्लच वर धरतोय, या वर्षात लागेल, सामान आणि मजुरी मिळून आठ हजार धरावेत. पुढचे टायर अजून एक पावसाळा काढतील. जुलैमध्ये नोंदणीचं नूतनीकरण. पंधरा वर्षांवरच्या मोटारीला एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये लागतात. वीस वर्षं ओलांडलेल्या गाडीला ऑगस्ट 2025 च्या नियमाने 10,000. आमची नेमकी जुलैत वीस पूर्ण करते, म्हणून दहा हजार आत्तापासून बाजूला ठेवतोय. उजव्या मागच्या दिव्याची एक जादा काच त्या यार्डात अजून आहे, उत्तरायणाआधी जाऊन आणायची.